कृष्णकांतशेठचा पंचनामा

पन्नाशी काही रोज रोज येत नाही, असा विचार करून कृष्णकांत घरतने नाक्यावर स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. उलव्याजवळच्या त्याच्या गावात ज्याचा फ्लेक्स लागत नाही तो माणूस जन्मलाच नाही, असं धरून चालतात. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत एकवीस वर्षं स्टोअरकीपर असलेला कृष्णकांत या हिशेबाने अजून जन्मायचाच होता.

फ्लेक्सवाला परेश भलताच हौशी. "नुसता नाव बरा नाय दिसत, काका," म्हणत त्याने 'युवा उद्योजक, समाजसेवक कृष्णकांतशेठ' असं टाकलं. (वय वर्षं पन्नास.) गळ्यात फोटोपुरती मेव्हण्याची सोन्याची चेन होतीच. मागे जागा मोकळी राहिली म्हणून परेशने तिथे एक मोठी पांढरी गाडी चिकटवली, तीही फुकटात. खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार'. (बिल कृष्णकांतनेच भरलं. मित्रपरिवाराने केक खाल्ला.)

चौथ्या दिवशी त्याच्या मनिषाला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. पोरीने दोन वर्षं पुस्तकातून मान वर केली नव्हती. पण फीचा आकडा ऐकून कृष्णकांत मटकन खाली बसला. मग कोणीतरी सांगितलं की घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तिची फी सरकार भरतं. कृष्णकांतचं उत्पन्न आतच होतं. (किती आत, हे त्याने बायकोलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.) फक्त तसा दाखला शुक्रवारपर्यंत कॉलेजात द्यायचा, नाहीतर पूर्ण फी भरा किंवा सीट सोडा.

कृष्णकांतने लगेच अर्ज टाकला आणि बुधवारी चौकशीला तलाठी अरुंधती मॅडम स्वतः आल्या. त्यांना पत्ता विचारावा लागला नाही. नाक्यावर बारा फुटी कृष्णकांत हात जोडून उभाच होता.

"शेठ, गाडी कुठे लावता?" मॅडमनी दारातच विचारलं.

"गाडी? माझी सायकल हाय, मॅडम!"

"आणि उद्योग?"

"तो परेशनी टाकला."

"तुमची पगाराची स्लिप बघितली मी," मॅडम म्हणाल्या, "पण नाक्यावर तुम्ही शेठ आहात. उद्या कोणी तक्रार केली तर मी काय दाखवू? दोन पंच आणा. फ्लेक्सवरचं सगळं खोटं आहे, असं त्यांनी लिहून द्यायचं."

कृष्णकांतचा चेहरा पडला. फ्लेक्स लागल्यापासून अख्खा गाव त्याला शेठ म्हणत होता, आणि खरं सांगायचं तर कानाला फार गोड लागत होतं. पण दारात मनिषा उभी होती, प्रवेशाचं पत्र हातात धरून.

"आणतो," तो म्हणाला.

दोन पंच हवे होते, सत्तावीस आले. शेजारचा रामूदादा तर जेवण अर्धं टाकून धावला.

"लिवा मॅडम, उद्योग बिद्योग काय नाय!" रामूदादाने सुरुवात केली.

"समाजसेवा? गणपतीला खुर्च्या उचलाय पन नाय आला!" दुसऱ्याने भर घातली.

"चेन माझी हाय," मागून मेव्हणा ओरडला, "आनि अजून परत नाय दिली!"

मॅडम भराभर लिहीत होत्या. एवढ्यात स्वयंपाकघरातून बायको दमयंतीचा आवाज आला, "युवा पन नाय, तेवढा पन लिवा!"

शुक्रवारी दुपारी दाखला कॉलेजात पोचला आणि फी माफ झाली. मनिषा घरी येऊन बापाच्या पाया पडली, तेव्हा त्याला शेठपेक्षाही मोठं झाल्यासारखं वाटलं. हे दोन दिवस टिकलं.

रविवारी नाक्यावर नवा फ्लेक्स लागला. या वेळी पैसे खरंच गावाने काढले होते. भल्यामोठ्या फोटोत मनिषा, 'आमच्या गावची भावी इंजिनीअर'. खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा कृष्णकांत, बिनचेनचा. आणि त्याच्याखाली परेशने अगदी प्रामाणिकपणे टाकलं होतं : 'वडील. शेठ नाहीत. (पंचनामा झाला आहे.)'