कापलेल्या केसांच्या माश्या

सलूनवाल्याला नदीत उभं राहायचं होतं. बस्स, एवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या केसांत उभं राहून त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या, आणि खुर्चीतला वकील दर दाढीला त्याला नदीच्या गोष्टी ऐकवायचा. कमरेपर्यंत गार पाणी, हातात लवचीक काठी, दोऱ्याच्या टोकाला खोटी माशी. गळाला केस आणि पिसं बांधून केलेली. ती पाण्यावर अलगद टेकवायची की मासा खरी समजून वर येतो.

"एकदा आम्हालाही न्या की, साहेब," सलूनवाला म्हणाला होता.

वकिलाने फेसातून ओठ वाकडा केला. "अरे, खर्चिक नाद आहे हा. तुमच्यासारख्यांनी आपलं तळ्यावर गांडूळ लावून बसावं."

हातात वस्तरा असलेल्या माणसाशी असं बोलू नये. पण एवढी अक्कल पैशाबरोबर फुकट मिळत नाही. सलूनवाल्याने गळा गुळगुळीत करून दिला, "या साहेब" म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी साडूला बोलावून घेतलं.

साडू दारोदार वीजमीटरचे आकडे टिपत हिंडायचा. त्याला सगळे रस्ते पाठ होते आणि खर्च या शब्दाची ॲलर्जी होती. चहात बिस्किट तुटून पडलं तर हा माणूस तळ दिसेपर्यंत कपाची झडती घेणारा. बजेटमधली सहल आखायला असाच माणूस लागतो.

"या रविवारी नदीचा हंगाम संपतो. मग वर्षभर काठावर पाय ठेवू देत नाहीत," सलूनवाला म्हणाला. "जायचं तर शनिवारीच."

"जायचं. झोपायचं गाडीत, जेवण घरून. काठी पडद्याची चालेल, दोरा चांभाराकडून आणतो."

"आणि माश्या? दुकानात एकेक माशी एका कटिंगच्या भावाने विकतात, साडूभाऊ."

साडूने खाली पाहिलं. "केस विकत घेणार तुम्ही? स्वतः घोट्यापर्यंत केसांत उभे राहून?"

सलूनच्या मागच्या मोकळ्या जागेत फुटलेल्या नळाने एक डबकं साठलं होतं. काळं, गप्प. वारा सुटला तरी त्यावर सुरकुती पडत नसे. कुत्री त्याला वळसा घालून जायची. या दोघांना मात्र ते सरावाला झकास वाटलं. शहाणपण कुत्र्यांकडे जास्त असतं ते असं.

साडूने फरशीवरचे, त्याच सकाळी सलूनवाल्याने कापलेले काही केस उचलून गळाला बांधले. लालसर केस, बँकेतल्या कॅशिअरचे. तो रंग लावायचा आणि लावत नाही म्हणून शपथा घ्यायचा. दुपारी गिऱ्हाईक नसताना दोघे मागे गेले. सलूनवाल्याने काठी मागे नेली, पुढे झटकली. माशी डबक्यावर टेकली.

काहीच झालं नाही. मग मागच्या गल्लीत पावलं वाजली.

कॅशिअर आला. पायात बँकेतली स्लिपर, हातात रबरी शिक्का. वरचा ओठ कोणीतरी चिमटीत धरून उचलल्यासारखा वर गेलेला. तो सरळ डबक्यापाशी येऊन उभा राहिला आणि पाण्याकडे बघत राहिला. पापणी हलत नव्हती.

"काही विसरलात का, साहेब?"

"नाही," कॅशिअर म्हणाला. मग म्हणाला, "माहीत नाही."

सलूनवाल्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने त्याला खुर्चीत बसवून दाढी केली. सकाळीच केली होती, पण कॅशिअरने मुकाट्याने पैसे दिले. साडूने गळावरचे केस सोडले तसा तो दचकला, आरशात बघून "अरे, काउंटर!" म्हणून ओरडला आणि पळत सुटला.



"साडूभाऊ, हे काहीतरी अभद्र आहे."

"अभद्र आहे," साडू म्हणाला, "पण पैसे देऊन गेलं. पेट्रोलची सोय होतेय."

इथे थांबायला हवं होतं. पण गरिबाला फुकटची चटक लागली की त्याचं तोंड श्रीमंतासारखंच सुटतं, हे लिहायला मला कोणाची भीती नाही. दोघांनी कोपऱ्यातलं केसांचं पोतं उपसलं आणि रात्रभर माश्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी सलूनच्या बाकावर जागा उरली नाही. वर्षानुवर्षांची जुनी गिऱ्हाइकं, मोकळ्या जागेपलीकडच्या नव्या गार हवेच्या सलूनकडे फितूर झालेली, एकामागून एक परत येऊन बसली. कोणी बोलत नव्हतं. मासिकाचं पान उलटत नव्हतं. सगळ्यांचे वरचे ओठ उचललेले, सगळ्यांचे डोळे मागच्या दाराकडे. एकाची तर अर्धीच दाढी झाली होती. तो पलीकडच्या खुर्चीतून गळ्यातल्या कापडासकट उठून आला होता.

सलूनवाल्याची बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, या सगळ्यांच्या ओठांना काय झालंय?"

तिने बोट दाखवलं तेव्हा सलूनवाल्याने पाहिलं. प्रत्येकाच्या वरच्या ओठावर, नाकपुडीच्या जरा खाली, एक लाल ठिपका. टाचणी टोचल्यासारखा.

"दुखतंय का?" त्याने समोरच्या माणसाला विचारलं.

"कुठे?" माणसाने विचारलं.

"भाऊजी, बंद करा हे," बायको साडूला म्हणाली. "माझ्या अंगावर काटा येतोय."

"ताई, एवढी गाडीची सोय झाली की बंद."

गाडी वकिलाकडे होती. जीप. टपावर काठ्या ठेवायला जागा, मागे झोपायला जागा. आणि वकिलाचे करडे केस सलूनवाल्याने वेगळे ठेवले होते. कशासाठी ते त्याने साडूला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी भर दुपारी वकील आला. काळा कोट, गळ्यात पांढरी पट्टी, कोर्टातून उठून आलेला. तो काठावर थांबला नाही, बुटांसकट डबक्यात उतरला. एका पावलात गुडघ्यापर्यंत गेला. इतकं खोल ते डबकं कधीच नव्हतं.

सलूनवाला काठी घट्ट धरून उभा होता. त्याला वाटलं होतं मजा येईल. मजा येत नव्हती. पण राग बराच जुना होता.

"जीपची किल्ली द्या, साहेब. आणि नदीत कुठे उभं राहायचं ते सांगा."

वकिलाने किल्ली दिली. वळण, खडक, सावलीची जागा, सगळं सांगितलं. एरवी फीशिवाय "हो" न म्हणणारा माणूस! मग साडूने केस सोडले. वकील पाण्यात उभा होता, आपल्या पँटकडे बघत.

"मी इथे..." तो म्हणाला. "मला तारीख होती आज." आणि पाय ओढत निघून गेला.

त्या संध्याकाळी पलीकडच्या सलूनचे मागचे दिवे लागले तेव्हा खिडकीत कोणीतरी उभं असल्यासारखं साडूला वाटलं. पलीकडचा न्हावी कोरा कपडा झटकत होता. गिऱ्हाईक नव्हतं, तरी झटकत होता.

"बघू दे," सलूनवाला म्हणाला. "जळू दे मेल्याला. मी मरेन, पण त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही."

"छे! मी तर त्या बाजूला बघतसुद्धा नाही," साडू म्हणाला.

शनिवारी सकाळी शटरला कुलूप लागलं. जीप शहराबाहेर पडली, दोन्ही बाजूंना धुकं होतं, साडू पेट्रोलचा काटा बघत गुणगुणत होता. सलूनवाला जन्मात पहिल्यांदा कोणाच्या डोक्याकडे न बघता समोर बघत होता. शेवटची इमारत मागे पडली आणि त्याचा वरचा ओठ फुरफुरला.

त्याने हाताने पुसला. ओठ पुन्हा उडाला. मग कोणीतरी तो हलकेच, अनुभवी हाताने वर उचलला.

त्याच्याच हातांनी जीप रस्त्याच्या कडेला थांबली, किल्ली खिशात गेली. सलूनवाला उतरला आणि शहराच्या दिशेने चालू लागला.

"अहो, नदी इकडे आहे!" साडू ओरडला.

"मला ठाऊक आहे," सलूनवाला म्हणाला. पाय थांबत नव्हते. "माझे केस कोणीतरी लावलेत."

"तुमचे केस? तुमचे केस कापतं कोण?"

सलूनवाल्याने कॉलर वर केली.

"साडूभाऊ, मी विचारतोय. स्वतःची मान स्वतःला दिसत नाही. कोण कापतं?"

"पलीकडचा," सलूनवाला पुटपुटला. "मागच्या दाराने जातो. माणसाने काय करायचं मग? आरशाला सांगायचं?"

साडू खो खो हसला. हसता हसता त्याचा ओठ वर गेला आणि तसाच राहिला. तो जीपमधून उतरला आणि सलूनवाल्याच्या बरोबरीने चालू लागला.

सलूनवाला वळून बघू शकत नव्हता, पण पावलं ऐकू येत होती.

"तू?" तो म्हणाला. अहोजाहो गळून पडलं. "लग्नापासून तुझी फुकट कटिंग केली मी! फुकट!"

"तुम्ही कान मुडपता," साडू रडवेल्या आवाजात म्हणाला. "आणि त्याच्याकडे गार हवा आहे."

शहरापर्यंत दोघे भांडत गेले, तोंडं अर्धवट उघडी, हात लोंबते. समोरून येणाऱ्या सायकली त्यांना वळसा घालत होत्या.

डबक्याच्या काठावर पलीकडचा उभा होता. हातात लांब वेत, बगलेत घडी केलेला टॉवेल. त्याने दोघांना नीट न्याहाळलं, गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी न्याहाळतात तसं. रागावलेला नव्हता. तेच जास्त वाईट होतं.

"माझी अर्धी झालेली दाढी उठवून नेलीत," तो म्हणाला. "जीप कुठे आहे?"

सलूनवाल्याचा हात आपोआप खिशात गेला, किल्ली बाहेर आली. तोंडाने आपोआप रस्ता सांगितला, खडक सांगितला, सावली सांगितली. नदीविषयी त्याला जे जे ठाऊक होतं ते सगळं बाहेर पडलं आणि तो रिकामा झाला.

पलीकडच्याने मान डोलावली, सलूनमधून पिशवी उचलली, रिक्षा थांबवली आणि बसला. वेत आत मावेना, म्हणून त्याने तो मागच्या बाजूने बाहेर काढला. टोकाला दोन माश्या लटकत होत्या, एक काळी, एक काळी-पांढरी. सोडायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. किंवा राहिलं.

रिक्षा निघाली. दोघांचे ओठ ताणले गेले. पाय पुढे पडले.

जीपपर्यंत, आणि मग जीपमागून हमरस्त्याने, धुक्यात, नदीच्या दिशेने दोघे चालत राहिले. वाटेत पंपावर पलीकडच्याने टाकी भरून घेतली. जीप जोरात गेली की ते धावत होते, हळू झाली की चालत होते, आणि पुढून पलीकडच्याची शीळ ऐकू येत होती. सलूनवाल्याच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खूप वेळाने शेजारून साडूचा आवाज आला, दबका, पण त्यात समाधान होतं.

"साडूभाऊ, काही म्हणा. पेट्रोल मात्र त्याचं जळतंय."