रविवारची कॅसेट

बाळंतपणाची रजा सोमवारी संपणार होती, आणि बाळ दिवसभर शेवंतीबाईंच्या हवाली करायचं या विचाराने वैजयंतीचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाई मालीश छान करायच्या, धुरीही छान द्यायच्या. पण हे सगळं आपल्यादेखत. पाठीमागे काय होईल, ते कोणी पाहिलंय? म्हणून शुक्रवारी तिने नवऱ्याचा, गुरुदत्तचा टेपरेकॉर्डर दुपट्यांच्या टोपलीत दडवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि भाजीच्या निमित्ताने डोंबिवलीच्या बाजारात निघून गेली.

कॅसेटची एक बाजू संपली की बटण खटकन वर येतं, हे बी.एस्सी. झालेल्या वैजयंतीच्या ध्यानात राहिलं नाही.

ती परतली तेव्हा बाळ न्हाऊन, तीट लावून झोपलं होतं. पाटावर टेपरेकॉर्डर होता आणि पाटाशेजारी बाई.

"वहिनी, दुपट्यात हे कुणाचं बाळ निजवलंत?"

वैजयंतीने सांगून पाहिलं, की मनात तसं काही नव्हतं, आपली काळजी वाटते म्हणून.

"चोर धरायचं यंत्र हाय हे. मला नाही चालायचं," म्हणून बाई चपला घालून निघाल्या.

बरं, त्या एकट्या वैजयंतीच्याच घरातून गेल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण इमारतीतली सगळीच तान्ही त्यांच्या हातची. एका टोपलीत निघालं ते बाकीच्यांच्या टोपल्यांत नसेल कशावरून, असं म्हणत त्यांनी सगळीच घरं सोडली. शनिवारी सकाळी प्रत्येक मजल्यावर रडारड. खालच्या मजल्यावरची कलावती, जुळ्यांची आई, ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली.

"तुझी हेरगिरी तुझ्यापाशी ठेव. माझी बाई मला आणून दे."

वैजयंतीचं बाळ तर झोपायचं नावच घेईना. शेवटी गुरुदत्तने ती कॅसेट लावली. बाईंचा आवाज घरभर झाला: "गप. गप म्हटलं ना? आईसारखं टकामका बघायचं नाही. झोप." बाळ झोपलं. खटकन बटण वर आलं, तसं पुन्हा जागं झालं.

संध्याकाळी वैजयंती विठ्ठलवाडीला बाईंच्या दारात हजर. टेपरेकॉर्डर माळ्यावर टाकते म्हणाली. बाईंनी आधी चहा पाजला.

"माळ्यावर कशाला? राहू दे की. पण रविवारी माझी सुट्टी, पोर तुमच्या हातात. आणि सोमवारी बघावं तर सगळं अंग आखडलेलं. रविवारची कॅसेट मला पाहिजे."

रविवारी पाटावर टेपरेकॉर्डरचा लाल दिवा लागला. वैजयंतीने बाळाला पायांवर घेतलं, आणि साबणानंतरच्या पहिल्याच तांब्याला बाळाने टाहो फोडला. गुरुदत्त काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिने त्याला हातानेच गप्प केलं आणि लाल दिव्याकडे बघत, अगदी गोड आवाजात म्हणाली,

"बाई, साबण नाही हं गेला डोळ्यांत."