साडेचारची हाक

आधी माफी मागते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि सहीसुद्धा बाबांना चाळिशीत आली. मी कॉलेजात जाते म्हणून मला लिहिता येतं असं गावात सगळ्यांना वाटतं. मला स्वतःला तसा भरवसा नाही. मोतीरामकाकाजी आमच्या शेजारी राहतात. मी त्यांना जन्मापासून बघते, पण या पौषापर्यंत मी त्यांना ओळखत नव्हते, हे आता कळलंय. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

काकाजी माणसाला गुण देतात. बोलण्याचे. तुम्ही दोन वाक्यं बोललात की ते मान तिरकी करून ऐकतात आणि दोन आकडे सांगतात. पहिला आकडा कळण्याचा, पाचपैकी. दुसरा आवाजाच्या ताकदीचा, नऊपैकी. हौशी रेडिओवर बोलणारे लोक एकमेकांना असे आकडे देतात, म्हणजे आपला आवाज पलीकडे कसा पोचतो ते समजतं. काकाजींनी ती रीत रेडिओतून काढून गावाला लावली. एका ग्रामसभेत सरपंच अर्धा तास बोलले. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात काकाजी उठून म्हणाले, "ताकद नऊ, कळते एक."

सरपंचांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. काकाजींना काही वाटलं नाही. "बंद पडल्या स्टेशनले आकडा देता येत नाही," म्हणाले.

माझ्या आईला पाच-नऊ आहेत. ती विहिरीवरून हाक मारते ती रेल्वे फाटकापर्यंत जाते. मला तीन-दोन. "रंजना, तू बोलून राहिलीस का नुसती श्वास घेऊन राहिलीस?" असं ते मला दारातच विचारतात. कॉलेजात तोंडी परीक्षेला सरांनी मला तीनदा 'मोठ्याने बोल' म्हटलं, ते मी घरी येऊन रडत सांगितलं. काकाजी कुंपणापलीकडून म्हणाले, "मास्तरचा कान चांगला आहे."

धंदा त्यांचा मोटारी बांधायचा. सालेकशाच्या आजूबाजूच्या गावांतला कुठलाही पंप जळाला की त्यांच्या ओट्यावर येतो. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता त्यांना रेडिओचा नाद लागला असं सगळे समजतात. रेडिओच्या परवान्याची सरकारी परीक्षा त्यांनी तिसऱ्या खेपेला पास केली. मग मोहाच्या झाडापासून आमच्या कवेलूंच्या छपराच्या घरापर्यंत एक लांब तार ताणली. आई त्या तारेवर चादरी वाळत घालते. त्यावरून दर आठवड्याला भांडण.

"अवो, तुमच्या चादरीनं माझा आवाज समुद्रात पडून राहिला!"

"भाऊजी, समुद्रात मोप लोक आहेत. इथं नळाले पानी काऊन नाही, ते विचारा कोनाले तरी!"

"जवळचं लागत नाही ना वो. ह्या तारेचं तसंच आहे. जवळच्याइच्या डोक्यावरून जाते अन् दूर उतरते."

हे खरं आहे. जवळच्या आमगावच्या माणसाशी त्यांचं बोलणं जमत नाही, पण दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावरच्या स्वयंपाक्याशी जमलंय. एका बेटावरचा दीपगृहाचा राखणदार, बर्फात अडकलेल्या जहाजावरचा इंजिनवाला, असे लोक त्यांना सापडतात. जिथे रस्ता नाही, फोन नाही, तिथला माणूस लागला की ते दिवसभर शीळ घालतात. स्वतः मात्र गोंदियाच्या पलीकडे जात नाहीत.

या सगळ्यांत दोरजे वेगळे. हिमालयातल्या एका उंच खोऱ्यात ते शाळेत शिकवतात. हिवाळ्यात तिथला रस्ता बंद होतो, वीज गेली की फोनचा मनोराही मरतो. अकरा वर्षं, रोज संध्याकाळी साडेचारला, काकाजी आणि दोरजे हिंदीत बोलतात. काय बोलतात म्हणाल तर काही नाही. तिकडे याक आजारी पडला. इकडे धानाचे भारे बांधून झाले. दोरजेंच्या मुलीचा दात दुखतो. काकाजी तिला 'बिटिया' म्हणतात. तिची दहावी झाली तेव्हा काकाजींनी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. कोणाचे, ते कोणालाच कळलं नव्हतं.

पौषातल्या एका सोमवारी मी त्यांच्याकडे पक्कड मागायला गेले होते. साडेचार झाले होते. दोरजेंचा आवाज नेहमीसारखा नव्हता. बिटियाला आठवा महिना होता. अंगावर सूज, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी. तिथल्या नर्सने सांगितलं होतं, दवाखान्यात न्या. पण रस्त्यावर छातीएवढा बर्फ. हेलिकॉप्टर उडेल अशी हवा नाही. एकच वाट उरली होती, गोठलेल्या नदीवरून तिला लाकडी घसरगाडीवर बांधून तीन दिवस चालत जायचं. गावातले अर्धे म्हणत होते थांबा, हवा उघडेल. अर्धे म्हणत होते निघा.

"मोतीरामभाई," दोरजे म्हणाले, "रुकूँ कि निकलूँ?"

काकाजी साध्या गोष्टीलाही दहा वाक्यं घेतात. त्या दिवशी त्यांनी एकच शब्द घेतला.

"निकलो."

मग त्यांनी रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. पक्कड मागायचं मला सुचलं नाही.

गुरुवारी ते लोक पोचायला हवे होते. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी काही नाही. दोरजेंचा रेडिओ घरीच राहिला होता, तेव्हा साडेचारला तिथून कोण बोलणार? काकाजींना हे माहीत होतं. तरी ते रोज चारलाच रेडिओसमोर येऊन बसत. गावात एव्हाना बातमी पसरली होती, पण ती त्यांच्या गुणांमुळे पसरली. त्यांनी आकडे देणं बंद केलं होतं. सरपंच स्वतः येऊन ओट्यावर बसले.

"काय गा मोतीराम, आज मले किती?"

काकाजी तारेचे वेढे मोजत राहिले. सरपंच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. शनिवारी एक शेतकरी ओरडत आला, "काकाजी, का बांधून देल्ली मोटर! उलटी फिरून राहिली ना ते!" चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. काकाजींनी मुकाट्याने मोटार परत घेतली.

मला वाटलं, मी कॉलेजात शिकते, माझ्याजवळ मोबाइल आहे, मी काही तरी केलं पाहिजे. "काकाजी, दोरजेंचा फोन नंबर द्या. मी लावते. आता ते शहरात पोचले असतील तर लागेल."

"नंबर?" ते म्हणाले.

अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांचा नंबर घेतलाच नव्हता. "आम्ही रोज बोलतोच ना," काकाजी म्हणाले. "नंबर कायले घ्यायचा?" बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला.

मी मोबाइलवर शोधून त्या बाजूच्या मोठ्या दवाखान्याचा नंबर काढला. बऱ्याच वेळाने कोणी तरी उचलला.

"मरीज का नाम?"

मी काकाजींकडे पाहिलं. काकाजी माझ्याकडे. तिचा दुखरा दात त्यांना माहीत होता, तिचं लग्न कुठल्या महिन्यात झालं तेही माहीत होतं. नाव माहीत नव्हतं.

"दोरजे की बेटी," मी म्हटलं.

"मॅडम, यहाँ हर तीसरा आदमी दोरजे है," पलीकडचा माणूस म्हणाला, आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी मी त्यांना भाजी द्यायला गेले. ते रेडिओसमोर बसले होते, पण रेडिओकडे त्यांची पाठ होती. काही विचारलं नसताना ते बोलायला लागले.

"माझी वच्छला. तू तवा नव्हतीस. श्रावण होता. तिचे दिवस भरले होते अन् नाल्याले पूर. लोक म्हणत, खाटेवर घालून काढू, दहा जण धरू. मी म्हटलं, थांबा. पानी उतरू द्या. सकाळपावतर उतरेल." ते थांबले. "पलीकडच्या काठावर जीप उभी होती, रंजना. दिसून राहिली होती. मी ओरडलो, ओरडलो. पान्याच्या आवाजात त्याइले काही आयकू नाही गेलं. जीप निघून गेली."

सकाळी पाणी उतरलं होतं. पण तोवर नाल्यापलीकडे न्यायला कोणी उरलं नव्हतं, ना ती, ना बाळ.

"दोरजेनं विचारलं तवा मले तोच नाला दिसला. मी तिची नदी नाही पाहिली. बर्फ किती जाड, मले का माहीत? मी इथं बसून 'निकलो' म्हटलं." त्यांनी भाजीचा डबा हातात घेतला आणि तसाच परत दिला. "आता थे नदी फुटली असंल तं?"

"नाही फुटणार," मी म्हटलं. माझ्या आवाजात ते पोचलं नसावं.

सोमवारी, म्हणजे आठव्या दिवशी, मी कॉलेजच्या गाडीतून उतरून सरळ त्यांच्याकडे गेले. वीज नव्हती. ट्रॅक्टरची बॅटरी आणून त्यांनी रेडिओ जोडला होता. साडेचारला त्यांनी बोलायला सुरुवात केली. दोरजेंना हाक. कोणी ऐकत असेल त्याला हाक. पहाडातलं कोणी आहे का? दोरजेबद्दल कोणाला काही माहीत आहे का? सांगा, मी ऐकतोय. आणि परत हाक. काल परवाही ते असेच बोलत होते, हे मला आईने सांगितलं होतं. मी ते पहिल्यांदाच बघत होते.

बघता बघता माझ्या लक्षात आलं. त्या माइकला एक बटण आहे. ते दाबलं की आपला आवाज जातो, पण तोवर आपल्याला काहीच ऐकू येत नाही. बोलून झालं की बटण सोडायचं आणि दोन-तीन मिनिटं गप्प राहायचं, ही या लोकांची पहिली शिकवण. काकाजी 'मी ऐकतोय' म्हणत आणि बटण सोडत. पण खरखर सुरू झाली की त्यांना ती सोसत नव्हती. एक श्वासभर थांबून ते परत दाबत.

"काकाजी, थांबा," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही.

"काकाजी, तुम्ही ऐकूनच नाही राहिले."

ते बोलतच होते. रेडिओवरचा बॅटरीचा काटा खाली येत होता. मग मी आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसाच्या हातातली वस्तू हिसकावली. माइक दोन्ही हातांत धरून मागे सरले. काकाजी उभे राहिले. ते मला मारतील असं वाटलं.

"दे इकडे."

"नाही देत."

"रंजना, दे म्हटलं नं!"

"तीन मिनिटं. मग घ्या."

खरखर. नुसती खरखर. एक मिनिट गेलं असेल. आणि त्या खरखरीच्या खाली, फार खोल, कोणी तरी एकच शब्द म्हणत होतं. ब्रेक. ब्रेक. दुसऱ्याचं बोलणं तोडून निकडीने आत यायचं असेल तर हे लोक हा शब्द वापरतात. काकाजींनी टेबल धरलं.

तेवढ्यात फाटकाकडून मालगाडी आली. आमच्या मागून रेल्वे जाते, आणि विजेच्या तारेखालून इंजिन गेलं की रेडिओत फोडणीसारखं तडतडतं. आवाज बुडाला. मी मनात डबे मोजत होते. एवढी लांब गाडी मी कधी पाहिली नव्हती. शेवटचा डबा गेला.

"...मोतीरामभाई, नेगी बोल रहा हूँ. दो दिन से घुसने की कोशिश कर रहा हूँ. आप साँस ही नहीं लेते!"

नेगी म्हणजे पहाडाच्या पायथ्याच्या गावातले एक मास्तर. त्यांचाही असाच छोटा रेडिओ आहे. दोरजेंच्या डायरीत फक्त त्यांचाच फोन नंबर होता. दवाखान्यातून त्यांना सगळं कळवून, मोतीरामभाईला सांगा, एवढं म्हणून दोरजेंनी फोन ठेवला होता.

मी माइक काकाजींच्या हातात दिला. असा निरोप आला की तो कागदावर उतरून घ्यायचा आणि शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा, म्हणजे नीट पोचला हे पक्कं होतं. काकाजींनी मोटारीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून घेतलं. मग बटण दाबून एकेक ओळ वाचली.

"नदी पर दो दिन ज़्यादा लगे. शनिवार रात को पहुँचे. बेटी हुई है. माँ ठीक, बच्ची ठीक, वज़न कम. दोरजे के बाएँ पाँव की दो उँगलियाँ गईं. डॉक्टर ने कहा, एक दिन और रुकते तो दोनों नहीं बचतीं."

पलीकडून नेगीमास्तर म्हणाले, बरोबर आहे.

काकाजींनी परत बटण दाबलं. शेवटची ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली, सावकाश, आणि या वेळी त्यांचा चेहरा रेडिओकडे नव्हता, नाल्याच्या दिशेला होता.