हेळदऱ्याच्या शाळेची बदली

गेल्या वर्षीच्या बदल्यांत माझा अर्ज नामंजूर झाला आणि आमच्या शाळेच्या इमारतीचा मंजूर झाला.

इमारतीने यात काही लबाडी केली नव्हती, हे आधीच सांगून टाकते, कारण लोक लगेच तसं धरून चालतात. तिने रीतसर अर्ज केला होता आणि तो भरला होता मीच. हेळदरा ही आमची वाडी धरणाच्या पाण्यापलीकडे. लाँचमधून उतरायचं आणि पुढे चढ चढायचा. मोबाईलला रेंज हवी असेल तर वाडीच्या वरच्या अंगाला एक काळा दगड आहे, त्यावर उभं राहायचं. त्याला सगळे रेंजचा दगडच म्हणतात. बदलीचे अर्ज ऑनलाइन, म्हणजे ते दगडावरून. आणि शाळेला तर पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही. म्हणून एका दुपारी ती मला म्हणाली, "बाई, आपण आपला अर्ज भरण्यास जातच आहात, तर कृपया माझाही भरावा."

आमची शाळा अशीच बोलते, पाठ्यपुस्तकातल्यासारखं. जन्मभर कानावर तेच पडलं, तिचा तरी काय दोष. मी हेळदऱ्यात रुजू झाले तेव्हा ती आधीपासून तिथे उभी होती, म्हणजे मला सेवेने ज्येष्ठ. ज्येष्ठ सहकाऱ्याने एवढंसं काम सांगितलं तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय एकशिक्षकी शाळेत दुसरं आहे कोण? मुख्याध्यापक मी, शिक्षक मी, खिचडीची चव घेणारी मी, आणि शाळा सुटल्यावर दोन शब्द बोलायला ही.

दोघींनी मागितलेलं गाव एकच होतं, मांजरवाडी. कारणही एकच: पती-पत्नी एकत्रीकरण.

माझे मिस्टर शशिकांत मांजरवाडीच्या एसटी आगारात मेकॅनिक आहेत. मांजरवाडी हायवेवर, तिथे सगळं आहे. आमची मुलगी कृतिका तिथेच सासूबाईंजवळ वाढतेय. तिला मी रविवारी भेटते, आणि वारं सुटून लाँच बंद पडली तर रविवारीही नाही. ती चालायला लागली ते मला फोनवर कळलं. तिचा पहिला दात पडला तो तिने मला दाखवायला म्हणून काडेपेटीत जपून ठेवला होता. जूनमध्ये ती पहिलीला बसणार होती. दुसऱ्यांच्या लेकरांचा हात धरून मी 'अ' गिरवून घेते, आणि माझ्या लेकराचा हात कुणीतरी भलतंच धरणार, याने मला नीट झोप लागत नव्हती. बाकी पगाराबिगाराबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

शाळेचं म्हणणंही खोटं नव्हतं. मूळ मंजुरी दोन खोल्यांची होती. पहिली हेळदऱ्यात झाली. दुसरीचं सामान लाँचमधून आणायला ठेकेदार कंटाळला आणि त्याने ती मांजरवाडीला, रस्त्याला लागून, बांधून टाकली. कागदोपत्री जोडी, आणि प्रत्यक्षात एक पाण्याच्या अल्याड, एक पल्याड. बांधल्यापासून त्यांची गाठ म्हणून पडली नव्हती.

मांजरवाडीत जागा एकच रिकामी होती. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख लोहार सर यादी घेऊन स्वतः लाँचने आले. मी त्यांना विचारलं की शिक्षकाची जागा आणि इमारतीची जागा वेगळी नसते का. ते म्हणाले, असं पूर्वी असायचं, आता संगणक फक्त सेवा आणि क्षेत्र बघतो. अवघड क्षेत्रात माझी नऊ वर्षं झाली होती आणि शाळेची चौतीस. शिवाय तिने एकदाही किरकोळ रजा घेतलेली नव्हती. अपील करायचं तर त्यावर शाळेचा शिक्का लागतो, शिक्का कपाटात, कपाट इमारतीत, आणि इमारत तर या प्रकरणात समोरची बाजू. लोहार सर मनाने चांगले आहेत. चहा संपवून ते "बघू पुढच्या वर्षी" म्हणून उठले.

मला राग आला होता, लपवत नाही. दोन दिवस मी शाळेशी कामापुरतंच बोलले.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. बदली झाली तरी मुख्याध्यापकाने कार्यमुक्त केल्याशिवाय कुणाला जाता येत नाही, आणि जागेवर दुसरं कुणी हजर होईपर्यंत मुख्याध्यापक सोडायला नकार देऊ शकतो. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सखाराम उतेकर यांना हे माझ्याआधी ठाऊक होतं. वाडीत त्यांना आण्णा म्हणतात, त्यांची नात आमच्याकडे दुसरीत. ते सकाळीच येऊन पायरीवर बसले.

"बाई, सही करू नगा," ते म्हणाले. "बदली इमारत काय यायची न्हाय, तुमालाबी ठावं हाय. आज शाळा जाईल, उद्या तिच्या मागनं बाई जातील. मग वाडीत ऱ्हायलं काय, आमी आन माकडं?"

मी त्यांना सांगितलं की सही करणार नाही. खरं सांगायचं तर वाडीचा विचार दुसरा होता. पहिला विचार होता की मी अडकलेय ना, मग तूही अडक.

त्याच संध्याकाळी मी फळा पुसत होते. शाळा म्हणाली, "बाई, कृतिका यंदा पहिलीत बसणार ना?"

मी हो म्हटलं.

"मांजरवाडीलाच?"

"हो. अजून कुठे?"

"मग तिचा वर्ग माझ्यात भरेल," शाळा म्हणाली. "इथल्या मुलांजवळ आपण आहात. तिच्याजवळ कोण आहे?"

मी पुसता पुसता थांबले. आमच्या शाळेच्या भिंती मी स्वतः रंगवलेल्या आहेत, दर मे महिन्यात, एका हाताने टेबलावर टेबल सावरत. खिडकीपासून दारापर्यंत सगळी मुळाक्षरं, प्रत्येकाशेजारी चित्र. 'आ' शेजारी आई काढली होती, निळ्या साडीतली. ती कुणासारखी काढायची असं ठरवलं नव्हतं, पण मुलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की या तर आपल्या बाई. नाक मात्र वाकडं आलं होतं, कारण तिथे गिलाव्याला टेंगूळ आहे. मी त्या बाईकडे पाहिलं. मग कपाट उघडलं, शिक्का काढला आणि कार्यमुक्तीच्या आदेशावर सही केली.

आण्णा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. निरोपाला मात्र नारळ घेऊन आले. रीत म्हणजे रीत. शाल व्हरांड्याच्या खांबाला गुंडाळली, आण्णांच्या नातीने भाषण म्हटलं आणि मध्येच रडायला लागली, मग सगळेच रडले. शाळेने सत्काराला उत्तर दिलं. ते थोडं लांबलं, पण चौतीस वर्षांत तिला बोलायची पहिलीच संधी होती. सकाळचं ऊन वर यायच्या आत ती डोंगराच्या धारेने निघाली, कारण लाँचवाल्याने तिला घ्यायला नकार दिला होता. जोतं मागे राहिलं, जागा ग्रामपंचायतीची असल्यामुळे. खिचडीची शेड आणि संडासही राहिले. त्यांचं लेखाशीर्ष वेगळं आहे.

शशिकांतचा फोन आला तेव्हा मी दगडावरच होते. शाळा मध्यान्हपूर्व रुजू झाली होती. तो म्हणाला, दोन्ही खोल्या एकमेकींना अशा टेकून उभ्या आहेत की मध्ये बोटभर फट नाही, आणि सगळं आगार बघायला गेलं होतं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्यांचं एकत्रीकरण झालं होतं.

जूनमध्ये मी जोत्यावर वर्ग सुरू केला, पाऊस आला की शेडमध्ये. कार्यालयाने आम्हाला वाऱ्यावर सोडलं असं कुणी म्हणू नये. शिक्षक पाठबळ सप्ताहात आमच्या शाळेला एक मोठं फलक-कापड आलं, "शिक्षका, तू एकटा नाहीस" असं लिहिलेलं. ते शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावून फोटो पाठवायचा होता. भिंत नसल्यामुळे चौथीच्या दोन पोरांनी ते दोन टोकांना धरलं आणि मी, शाळेतली एकटी शिक्षिका, शेजारी उभी राहिले. दर्शनी भिंत दिसत नाही, या कारणाने फोटो परत आला. मग ताणतणाव व्यवस्थापनाचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. दीर्घ श्वास घ्या, असं त्यात होतं. ते मी दगडावर उभी राहून घेतले. हवा तिथे खरोखरच चांगली आहे.

पावसाळा सरताना लोहार सर तपासणीला आले. तपासणीच्या तक्त्यात 'इमारत' पुढे त्यांनी आधी 'नाही' लिहिलं, मग विचार करून 'बदलीने गेली' असं केलं. वाचन घ्या म्हणाले. मी मुलांना उभं केलं. मुलांनी जोत्यावरून मान वर केली आणि जिथे खिडकीकडची भिंत होती तिथे बोट करून ओळीने वाचायला सुरुवात केली. कोपरा आला तिथे सगळे कोपऱ्याबरोबर वळले. पहिलीतल्या नव्या पोरीला भिंत माहीतच नव्हती, तिची गाडी 'आ' ला अडली. तेव्हा आण्णांच्या नातीने तिची हनुवटी धरून मान थोडी वर केली. "तितं न्हाय गं, हितं बघ. निळी साडी." पोरीने पाहिलं आणि वाचलं.

लोहार सर हवेकडे बघत राहिले. मग त्यांनी शेरा लिहिला: वाचन समाधानकारक, भिंतींची देखभाल चांगली. आण्णा मागे उभे होते. ते माझ्याशी त्या दिवसापासून पहिल्यासारखं बोलू लागले.

या एप्रिलमध्ये मी पुन्हा अर्ज केला. मांजरवाडीत जागा रिकामी होती, आणि यंदा इमारत मध्ये नव्हती. अर्ज चार दिवसांत परत आला. मी दगडावरून लोहार सरांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही मांजरवाडीला असताना मांजरवाडीला बदली कशी देणार?"

मी म्हटलं, मी हेळदऱ्यात आहे.

त्यांनी नोंदी पाहून सांगितलं तेव्हा उलगडा झाला. जूनपासून चेहरा ओळखून हजेरी घेणारं ॲप आलं आहे. वर्गात मोबाईल फिरवायचा की झालं. मांजरवाडीच्या मास्तरांनी रोज मोबाईल फिरवला आणि ॲपने रोज भिंतीवरच्या मला ओळखलं. अख्ख्या वर्षात माझी एकही गैरहजेरी नाही. हेळदऱ्यातून मात्र मी दगडावर चढून जितक्या वेळा तोंड दाखवलं, तितक्या वेळा 'चेहरा जुळत नाही' असं आलं. पहिली नोंद भिंतीवरूनच झालेली, त्यामुळे नोंदीतलं नाक वाकडं आहे आणि माझं सरळ. म्हणजे कार्यालयाच्या हिशेबाने मी वर्षभर नवऱ्याच्या आणि मुलीच्या गावात होते.

"एकत्रीकरण झालेलं दिसतंय तुमचं," लोहार सर म्हणाले. ते कुचेष्टेने बोलले नाहीत, त्यांना खरंच बरं वाटलं होतं. दुरुस्ती करता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, येईल की, मांजरवाडीच्या शाळेने मला तिथून कार्यमुक्त केलं पाहिजे.

मी शाळेला निरोप धाडला. तिचं उत्तर शशिकांतने वाचून दाखवलं. परीक्षेच्या तोंडावर मुलांची भिंत रिकामी करणे योग्य होणार नाही, बदली चित्र आल्यावर विचार करू, असं तिने कळवलं होतं. मला तिचा राग आला नाही. मुख्याध्यापकाने असंच करायला हवं, मीही केलं असतं.

फोन ठेवायच्या आधी कृतिकाने तो हिसकावून घेतला. तिला आता सगळी अक्षरं येतात. तिने मला एसटीवरच्या पाट्या वाचून दाखवल्या, गावांची नावं, एकही न चुकता. मग म्हणाली की बाकीच्या मुलींच्या आया शाळा सुटल्यावर न्यायला येतात, तिची आई मात्र आधीपासून वर्गात असते, म्हणून सगळ्या तिच्यावर जळतात. मी म्हटलं, जळू देत. खाली जोत्यावर मुलं परवचा म्हणत होती, त्यांचा आवाज दगडापर्यंत येत होता.

मग तिने विचारलं, "मम्मी, शाळा सुटल्यावर तू माझ्याबरोबर घरी का येत नाहीस? भिंतीवरच का थांबतेस?"

"मला अजून कार्यमुक्त केलेलं नाही, बाळा," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "मग मी जाताना दिवा चालू ठेवून जाते."