युद्धनौकेत चिमूटभर साखर

वरच्या महासत्तेने सांदण देशाला एक युद्धनौका भेट पाठवली, आणि सांदणला समुद्र नसल्यामुळे ती परराष्ट्रमंत्री वत्सलाबाई केळुसकर यांच्या अंगणात उभी करावी लागली. तुळशीवृंदावन तेवढं जरा बाजूला सरकवलं. बोट तशी देखणी होती. वाळवणावर सावली पडायची, एवढीच काय ती तक्रार.

अडचण निराळीच होती. सांदणचं पाणी शेजारच्या पाणवडी देशातून पाटाने येतं आणि पाटाच्या दाराला कुलूप पाणवडीचं. दोन्ही देशांत पणजोबांच्या काळापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. अंगणात तोफा दिसताच पाणवडीने दार लावून घेतलं. इकडे भाताची रोपं पिवळी पडू लागली.

"बाई, परत पाठवू," सचिव खानोलकर म्हणाले.

"भेट परत केली तर वरचे डूख धरतील. मग पाणी येईल, पण प्यायला आपण नसू."

"मग ठेवू."

"ठेवली तर रोपं गेलीच."

वत्सलाबाई पदर खोचून बोटीला एक फेरी मारून आल्या. "खानोलकर, ही आली तेव्हा आत काय होतं?"

"तोफगोळे."

"मग भेट तोफगोळ्यांची. बोट म्हणजे नुसतं भांडं. दुसऱ्याचं भांडं कुणी ठेवून घेतं का? घासून परत करायचं असतं."

खानोलकरांनी मान डोलावली. सांदणचं परराष्ट्र धोरण ठरलं ते असं.

तोफगोळे न्हाणीघरामागे रचले. आळीतल्या बायकांनी बोट चिंच लावून घासली आणि पालथी घालून वाळवली. आता रिकामं भांडं परत करणं सांदणमध्ये कुणाच्या बापजन्मी घडलेलं नाही. पण घालायचं काय? सरकारी कोठारात खडखडाट. शेवटी वत्सलाबाईंनी स्वतःच्या फडताळातून डबा काढला, बोटीच्या मधोमध चिमूटभर साखर ठेवली आणि वर विणलेला रुमाल झाकला.

वरच्या महासत्तेचे राजदूत बोट न्यायला आले ते कपाळाला आठ्या घालूनच. त्यांनी रुमाल उचलून खालची साखर पाहिली.

"बाई, आम्ही जगभर बोटी पाठवतो," ते म्हणाले. "लोक ठेवून घेतात, नाहीतर बुडवतात. घासून, साखर घालून कुणी परत केली नव्हती हो." त्यांनी वाकून नमस्कार केला. बोट आली तशीच बैलगाडीच्या वाटेने निघून गेली.

पाणी मात्र आलं नाही. दुपारी आले ते पाणवडीचे परराष्ट्रमंत्री गजाभाऊ रेडकर, तेही मागच्या दाराने, हात हलवत.

"वहिनी, आहात का घरात?" त्यांनी चपला बाहेर काढल्या. "कसं सांगू? तुमच्या भीतीपोटी आम्ही पलीकडच्या महासत्तेकडून पाणबुडी घेतली. शाळेच्या पटांगणात पडून आहे. आता त्या दोन महासत्तांचंच गूळपीठ जमलंय, आणि आपण बसलोय एकमेकांवर डोळे वटारून. तुमचं बघून आम्हीही ती घासून ठेवली. पण घासणाऱ्यांना चहा पाजता पाजता घरातली साखर संपली. तिच्यात घालायला वाटीभर मिळेल का?"

खानोलकर मागून कुजबुजले, "बाई, आधी पाण्याचं बोलून घ्या. अशी संधी पुन्हा नाही."

"साखर मागायला आलेल्या माणसाशी वाटाघाटी करायच्या नसतात," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी डबा उपडा करून बुडावर थापटी मारली. पितळेची वाटी काठोकाठ भरली आणि डबा रिकामा झाला. "न्या भाऊ. पटांगण मोकळं झालं की पोरं दुवा देतील."

गजाभाऊंचे डोळे भरून आले. वाटी सांडू नये म्हणून ते अगदी हळूहळू सरहद्द ओलांडून गेले. त्या संध्याकाळी मंत्रिमंडळाने गुळाचा चहा घेतला. खानोलकरांनी तोही घेतला नाही.

सकाळी वाटी परत आली, चिंचेने लख्ख घासलेली. पाणवडीतही भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटीत पाटाच्या कुलपाची किल्ली होती.

"खरंच उपकार झाले हो त्यांचे," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"ठेवू कुठे ही?" खानोलकरांनी विचारलं.

"उंबऱ्याजवळच्या खिळ्याला. पण आधी दार उघडून या. रोपं वाट बघताहेत."

खानोलकर मंत्रालयाची शिस्त सोडून पळत सुटले. वत्सलाबाई पाणवडीच्या दिशेला हात जोडून उभ्या राहिल्या, आणि पाटात पाणी वाजेपर्यंत तशाच उभ्या होत्या.