विश्वनाथ गुरुजींच्या शेंगा

आमच्या गल्लीत मत मागायला येणाऱ्याला विश्वनाथ गुरुजी आधी दहा मार्कांचा पेपर देतात. नगरसेवकाची कामं कोणती, पाणीपट्टीचा पैसा कुठं जातो, असले प्रश्न. मागच्या खेपेला एका उमेदवाराने कोऱ्या पेपरात नोटा घालून तो परत दिला. गुरुजींनी नोटा त्याच्याच खिशात कोंबल्या आणि लाल शाईने शेरा मारला, ‘शून्य. समास मात्र नीट सोडला आहे.’

तो निवडून आला, हे सांगायला नकोच. अजूनही तो अहमदपुरात कुठं दिसला की गुरुजी भर रस्त्यात विचारतात, “पुरवणी परीक्षेला कधी बसतूस?”

मी त्यांचाच विद्यार्थी. आता माझी मुक्ता, वय तेरा, त्यांच्याकडे नागरिकशास्त्र शिकते. परवा तिने मला विचारलं, “बाबा, त्या नगरसेवकाकडं चार गाड्या अन् आपल्याकडं एक जुनी स्कूटर, असं का?” मी पेपर वाचता वाचता म्हणालो, “नशीब.” ती तडक गुरुजींकडे गेली. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या ओसरीवरून मला आरोळी आली, “पर्‍या, नशीब कोणत्या धड्यात हाय रे?”

रविवारी त्यांनी गल्लीतली दहा पोरं जमवली. ओम नावाच्या एकाच मुलापुढे भाजलेल्या शेंगांचं भरलं टोपलं ठेवलं आणि बाकी नऊ जणांना दोन-दोन शेंगा दिल्या. मग म्हणाले, “आता मॉनिटर निवडा. शेंगा कमीजास्त हायत, पण मत सगळ्यायला एकच. हाव का न्हाई?” नऊ जण चिडतील, एकत्र येतील आणि टोपलंवाल्याला पाडतील, असा त्यांचा बेत होता. मुक्ताला न्यायला आलेला मी दारात उभा राहून बघत होतो.

ओमने मतदानाआधी सगळ्यांना ओंजळ ओंजळ शेंगा वाटल्या. चिठ्ठ्या उघडल्या. दहाच्या दहा मतं ओमला.

“मुक्ते, तूबी?” गुरुजींनी विचारलं. “चिठ्ठी गुपचूप व्हती की. शेंगा खायच्या अन् मत दुसऱ्याला द्यायचं!”

मुक्ता गोंधळली. “असं कसं गुरुजी? त्याच्या शेंगा खाल्ल्या न आम्ही. बेइमानी झाली असती की.”

मला हसू फुटलं. गुरुजी हसले नाहीत. मुक्ता तेवढी माझ्याजवळ थांबली; बाकी पोरांना त्यांनी घरी पाठवलं आणि ओसरीवर बसून राहिले. “पर्‍या, लोक बेइमान असते तर बरं झालं असतं रे. पैसे घ्यायलेत अन् इमान पाळायलेत.”

मी मान वर केली नाही. आमच्याकडे मतासाठी नोटांचं पाकीट देताना ताटात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा ठेवतात. त्याला हात लावून शपथ घ्यायची. मागच्या वेळी मीही हात लावला आणि शब्द पाळला. त्याची मला लाज वाटते, पण पुढच्या वेळी ताट आलं तर काय करीन, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

“गुरुजी, मग तुम्हीच उभे राहा न,” मुक्ता म्हणाली.

“राहिलो व्हतो. तुझ्या जन्माआधी. लई मतांनी पडलो. तुझ्या आज्जीचं मतबी न्हाई मिळालं मला.”

आजी म्हणजे गुरुजींची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली. गुरुजी प्रचाराला बाहेर असताना समोरच्या उमेदवाराची माणसं ताट घेऊन आली आणि तिने भंडाऱ्याला हात लावला. शेवटच्या आजारपणात तिने स्वतःच हे त्यांना सांगितलं, असं गुरुजी म्हणाले.

मुक्ता भडकली. “आज्जीनं पैसे घ्यायलाच नको होते!”

“न्हाई कशी घील? माझी पत्रकं छापखान्यात अडकली व्हती. पैशाबिगर छापखानेवाला देईना. मला वाटलं, पाटल्या मोडल्या तिनं. समोरच्याच्या पैशानं तिनं माझी पत्रकं सोडवली अन् शपथ घेतली म्हणून मत त्याला दिलं.”

मुक्ता ओसरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

“मी कधी रागावलो न्हाई तिच्यावर,” गुरुजी म्हणाले. “सगळ्या गल्लीला हात जोडून मत मागितलं मी, पोरी. तिलाच तेवढं मागायचं राहिलं.”