तोंड फिरवून बसवावे

एका जंगलात, बाळांनो, लढाई म्हणून कधी झालीच नव्हती. वाघ होता, पण तो म्हातारा, दुपारचं ऊन खात पडून असायचा. तोफ कुणी पाहिली नव्हती. शत्रू कुणाला ठाऊक नव्हता. म्हणूनच की काय, त्या जंगलातल्या पोरांना रणगाड्याचं भारी वेड.

रणगाडा म्हणजे खेळण्यातला, बरं का. प्लॅस्टिकचा. तो डब्यातून यायचा, आणि तोही सुटा सुटा. हिरव्या काड्यांची एक चौकट असायची, तिला चाकं, पट्टे, झाकणं अशी कैऱ्यांसारखी लटकलेली. एकेक तोडून घ्यायचं, गोंद लावायचा, जोडायचं. कसं जोडायचं ते सांगणारा कागद आतच असायचा.

आणि झाकणावर चित्र. काय चित्र म्हणता! धुराच्या लोटातून रणगाडा बाहेर येतोय, तोफ आग ओकतेय, वर आभाळात एक विमान पेटून खाली येतंय. विमान मात्र डब्यात नसायचं. दर वेळी पोरं डबा उलटा करून झटकून बघायची. नसायचंच.

त्या जंगलात केसो नावाचं एक अस्वल होतं आणि टोकेराव नावाचं एक साळिंदर. दोघं लहानपणापासूनचे जिवाभावाचे मित्र. केसो झाडावर चढून मध काढायचा आणि निम्मा टोकेरावला द्यायचा. केसोची पाठ खाजली की टोकेराव मागं मागं सरकत यायचा आणि आपले काटे अलगद तिच्यावरून फिरवायचा. अस्वलाची पाठ सदा खाजते, बाळांनो, आणि नेमकी खाजते तिथं त्याचा हात पोचत नाही. असं दोघांचं छान चाललं होतं.

मग दोघांनी मिळून एक डबा आणला. सगळा रणगाडा जोडून झाला. राहिली फक्त वरची तोफ. कागदावर लिहिलं होतं, ‘तोफेचे तोंड फिरवून बसवावे.’

केसो म्हणाला, "तोंड पुढं. लढाईला निघालाय गडी."

टोकेराव म्हणाला, "अरे, फिरवून म्हटलंय. फिरवून म्हणजे मागं. वाचता येतंय ना?"

"मागं तोंड करून कोण लढतं रे?"

"पळून जाणारा लढतो."

"आपला रणगाडा पळणाराय का?"

"तू चालवायला बसलास तर पळेलच!"

एकानं इकडून ओढली, दुसऱ्यानं तिकडून ओढली. तेवढ्यात गोंद वाळला. तोफ बसली आडवी, धड पुढं नाही धड मागं नाही, शेजारच्या वारुळावर नेम धरून. मुंग्या बिचाऱ्या अंडी उचलून दुसरीकडं राहायला गेल्या. त्या जंगलातलं युद्धाचं नुकसान म्हणावं तर तेवढंच.

नाही, आणखी एक झालं. केसो आणि टोकेराव एकमेकांपासून तोंड फिरवून बसले. ते बसले ते बसलेच.

पुढं कळलं, की असं घरोघरी झालं होतं. कुणी तोफ पुढं चिकटवली होती, कुणी मागं. पुढं चिकटवणारे स्वतःला पुढतोंडे म्हणवू लागले, मागं चिकटवणारे मागतोंडे. पोरं मोठी झाली, बापे झाली, तरी हे काही मिटेना. पुढतोंड्यांची मुलगी मागतोंड्यांच्या घरी देईनात. पाणवठ्यावर पुढतोंडे या काठाला, मागतोंडे त्या काठाला.

रणगाडे मात्र कुणाकडंच उरले नाहीत. काही पुरात गेले, काही हत्तीच्या पायाखाली आले. डबे बनवणाराही केव्हाच धंदा बंद करून निघून गेला.

अशी बरीच वर्षं गेली. केसोच्या छातीवरचे केस पांढरे झाले. पाठ खाजतच होती. तो झाडाच्या खोडाला पाठ घासायचा, दगडाला घासायचा. त्याची बायको धुरपाबाई कधी कधी नखानं खाजवून द्यायची.

"खाली," केसो म्हणायचा. "डावीकडं. अं हं. जरा वर. नाही, तिथं नाही."

"मग त्या काटेवाल्यालाच बोलवा की," धुरपाबाई म्हणायची आणि हात झटकून उठायची.

मनात केसोच्याही तेच असायचं. पण तोंड फिरवलेल्या माणसाला हाक कुठून मारायची, हेच त्याला सुचत नव्हतं.

आणि मग एके दिवशी कोल्हेशेठ दवंडी पिटत आला. हा कोल्हेशेठ जंगलातला दुकानदार. त्याला म्हणे एका गुहेत डब्यांचे जुने साचे सापडले होते.

"तोच रणगाडा! तेच चित्र! तोच कागद! कान्यामात्रेचा फरक नाही! आपलं बालपण पुन्हा आलं हो, पुन्हा आलं!"

सगळ्या जंगलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांनी लहानपणी आपला रणगाडा दोरी बांधून चिखलातून फरपटवला होता, ते तर हुंदके देऊन रडले.

दुकानापुढं ही लांब रांग लागली. केसो रांगेत उभा राहिला. थोड्या वेळानं त्याला मागं ओळखीची सळसळ ऐकू आली. त्यानं वळून पाहिलं नाही. पण त्याला कळलं. टोकेराव होता.

टोकेरावही काही कमी नव्हता. केसोचं तोंड दिसू नये म्हणून तो रांगेत उलटा उभा होता. मागचं सांबर वैतागलं.

"अहो, पुढं बघा की. रांग तिकडं चाललीय."

"मी मागतोंडा आहे," टोकेराव म्हणाला. "मी असाच उभा राहतो."

"मग माझ्याकडं टक लावून बघू नका. मला लाज वाटते."

केसोला हसू आलं. त्याला वाटलं, आत्ता वळावं आणि म्हणावं, काय रे टोक्या. जिभेवर आलेलं होतं. पण रांग सरकली आणि तो सरकला. टोकेरावही उलटा उलटा सरकला.

"घ्या, केसोअण्णा," कोल्हेशेठ म्हणाला. "नशीबवान आहात. हा शेवटचा."

मागची सळसळ थांबली. मग हळूहळू लांब लांब जात ऐकू येईनाशी झाली. केसोनं डबा छातीशी धरला. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण थोडा कमीच झाला.

आता पुढची गंमत ऐका. जंगलात लगेच एक मंडळ निघालं, ‘जुना डबा जपणूक मंडळ’. त्याचे अध्यक्ष बगळेसर. ते घरोघर जायचे, एका पायावर उभे राहायचे आणि डबा न्याहाळायचे. नियम एकच. डबा उघडायचा नाही. वरचं चकचकीत वेष्टनसुद्धा फाडायचं नाही.

"उघडला की गेला," बगळेसर सांगायचे. "आत हवा शिरते. हवा शिरली की जुनेपणा उडून जातो."

पुढतोंडेही माना डोलवायचे, मागतोंडेही डोलवायचे. आपापले डबे फळीवर ठेवून ते आपापल्या काठाला खूश होते.

केसोनंही डबा फळीवर ठेवला. रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचा. एकदा त्यानं हळूच कानाशी धरून हलवला. आतून खुळखुळ आवाज आला.

"खुळखुळा आणलात होय या वयात?" धुरपाबाई म्हणाली.

"आत माझं बालपण आहे."

"मग काढा की बाहेर. गुदमरेल ते."

"उघडायचा नसतो."

"तुम्ही लहान होतात तेव्हा उघडायचे?"

"तेव्हा उघडायचो. टोक्या काट्यानं कापायचा, मी झाकण..."

केसो बोलता बोलता थांबला. त्याची पाठ खाजायला लागली. अगदी नेमकी तिथंच. त्यानं डबा काखेत मारला आणि निघाला.

टोकेरावचं बीळ टेकडीच्या पलीकडं होतं. दारात टोकेराव पाठमोरा बसला होता. काटे पांढरे पडले होते. काही गळालेही होते.

"कोण आहे?" वळून न बघता त्यानं विचारलं.

"मी आहे."

"मी कोण?"

"पुढतोंडा."

टोकेरावचे काटे ताठ झाले. "मी तुझ्यापासून तोंड फिरवलेलं आहे. विसरलास काय?"

"नाही विसरलो. मला तुझ्या तोंडाशी कामच नाही. पाठीशी आहे. हे वेष्टन तेवढं काप."

टोकेरावचे काटे हळूहळू खाली बसले. मग म्हणाला, "शेवटचा डबा ना हा? रांगेत ऐकलं मी. उघडलास तर ते बगळेसर तुला मंडळातून हाकलतील."

"हाकलू देत. तू काप."

टोकेराव मागं मागं सरकत आला, लहानपणी यायचा तसा. सर्रकन एक काटा फिरला आणि वेष्टन दुभंगलं. केसोनं झाकण उचललं. आतून प्लॅस्टिकचा वास आला. दोघांच्याही नाकात एकदमच गेला. त्या वासानं टोकेरावची मान अर्धी वळली. उरलेली अर्धी त्यानं स्वतःच वळवली.

केसोनं डबा उलटा करून झटकला.

"विमान?" टोकेरावनं विचारलं.

"नाही."

"अजूनही नाही?"

"अजूनही नाही!"

दोघं इतके हसले, की टोकेरावचे आणखी दोन-चार काटे गळाले.

मग बसले जोडायला. आता गोंदाची नळी शोधतात तर ती कुठंच नाही. गोंद माकडं चाटतात आणि दिवसभर फांदीला चिकटून बसतात, म्हणून कोल्हेशेठनं या वेळी तो डब्यात घातलाच नव्हता. दोघं नुसतेच दाबून दाबून बसवू लागले. डोळे अधू, बोटं जाड. चाक म्हणून झाकण लावलं, झाकण म्हणून चाक. होता होता सगळं झालं आणि राहिली वरची तोफ.

केसोनं कागद उचलला. कान्यामात्रेचा फरक नव्हता. ‘तोफेचे तोंड फिरवून बसवावे.’

केसोनं तोफ हळूच बसवली. तोंड पुढं.

"मागं," टोकेराव म्हणाला. आवाज बारीक होता, पण म्हणाला.

"हे बघ टोक्या, आता नको."

"फिरवून म्हटलंय की नाही?"

"अरे, पण..."

टोकेरावनं तोफेला हात घातला. केसोनंही घातला. एकानं इकडून ओढली, दुसऱ्यानं तिकडून. आणि तोफ गर्रकन फिरली. पुढून मागं आली. मागून पुढं गेली. केसोनं एका बोटानं टिचकी मारली तर आणखी एक चक्कर मारून टोकेरावच्या नाकासमोर थांबली.

"फिरवून..." केसो म्हणाला.

"फिरती," टोकेराव म्हणाला. "फिरती राहील अशी बसवायची होती रे. गोंदच लावायचा नव्हता तिला."

"म्हणजे आपण इतकी वर्षं..."

"बोलू नकोस. पाठ कर इकडं."

केसोनं पाठ केली. काटे अलगद फिरले. सांगावं लागलं नाही, खाली की वर, डावीकडं की उजवीकडं. केसोनं डोळे मिटले आणि त्याच्या घशातून असा काही आवाज आला, की टेकडीवरचे होले उडाले.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर मंडळाची सभा होती. दोघं रणगाडा घेऊन गेले. सगळं जंगल आपापला डबा मांडीवर घेऊन बसलं होतं.

"मंडळी, भांडण मिटलं," केसो म्हणाला. "तोफ फिरती आहे. पुढंही बरोबर, मागंही बरोबर. हे बघा."

बगळेसरांनी तोफेकडं पाहिलंच नाही. त्यांनी एक पाय खाली टेकला. असं ते कधी करत नसत.

"तुम्ही डबा फोडलात?"

"फोडला. तुम्हीही फोडून बघा. सगळ्यांच्या तोफा फिरत्याच निघतील."

हे ऐकून सगळ्यांनी आपापले डबे पोटाशी घट्ट धरले. एक म्हातारं रानडुक्कर उठलं, ते कट्टर पुढतोंडं. एक माकडीण उठली, ती कट्टर मागतोंडी. दोघं एकदमच ओरडले, "हाकला यांना!" आणि त्या जंगलात पहिल्यांदाच पुढतोंडे आणि मागतोंडे हातात हात घालून उभे राहिले. ठराव एकमतानं झाला. केसो आणि टोकेरावला मंडळातून काढून टाकलं.

दोघं टेकडी उतरून घरी आले.

आता तो रणगाडा केसोच्या दारातल्या दगडावर असतो. टोकेराव सकाळीच येतो, मध चाटतो, पाठ खाजवून देतो आणि अंधार पडेपर्यंत हलत नाही. धुरपाबाई येता-जाता तोफेला टिचकी मारते. तोफ गरगर फिरते. थांबेल तेव्हा तोंड ज्याच्याकडं, त्यानं त्या दिवशी पाणी भरायचं.

तात्पर्य: बाळांनो, लहानपणचा डबा पुन्हा मिळाला, तर चुकूनही उघडू नका. उघडला की मान जातो, मंडळ जातं, इतकी वर्षं जपलेलं चांगलं भांडणही हातचं जातं. आणि वर एक म्हातारा रोज दारात येऊन बसतो, तो जा म्हटलं तरी जात नाही.